पाटीला सांगा

"गडी कुठाय?" शिदू मुकादमानं विचारलं.

कोंडाबाईनं खांद्यावरचा टिकाव खाली टेकवला. "गडी न्हाई."

"मग कशाला आलीस? एक गडी, एक बाई, अशी जोडी पायजे. गड्यानं खणायचं, बाईनं पाटी व्हायची. दवंडी ऐकली न्हाईस व्हय?"

"ऐकली की. बाई ही हाय." तिनं माझ्याकडं नुसती हनुवटी उडवली. "गडी मी."

तलावाच्या कामावर जमलेली सगळी माणसं हसली. बाया तोंडाला पदर लावून हसल्या, गडी उघड उघड हसले. मी पाटी पोटाशी धरून खाली बघत उभी. मला हसू येत नव्हतं. ही जी 'गडी मी' म्हणून छाती काढून उभी होती ना, ती माझी सवत. लग्न होऊन मी त्या घरात आले त्या दिवसापासून ती माझ्याशी एक शब्द बोललेली नव्हती. आणि मी तरी कशाला बोलते? मीही नाही.

बाहत्तरचा दुष्काळ तो. आमच्या माणदेशात पाऊस तसाही पाहुण्यासारखाच, आला तर आला. पण त्या सालात त्यानं तोंडच दाखवलं नाही. विहिरींचे तळ दिसले, जनावरं मातीमोलानं गेली. आणि गावात पहिलं काम कुणाचं गेलं असेल तर बायांचं. आम्ही खुरपायला जाणाऱ्या, काढणीला जाणाऱ्या. शेतात काडी नाही, तर खुरपणार काय, कपाळ? मग खडकेवाडीच्या माळावर पाझर तलावाचं काम निघालं. वाटलं, सुटलो. तर तिथं मुकादमानं स्वतःचा कायदा लावलेला, जोडीचा. एकट्या बाईला काम नाही. विधवा, टाकलेल्या, नवरा परगावी गेलेल्या, अशा कितीतरी जणी बांधावर उन्हात बसून राहायच्या आणि दिवस कलला की पदर झटकून परत जायच्या.

आमचा नवरा मुंबईला गेलेला. आमचा म्हणते, कारण तो दोघींचाही. गोदीत काम बघतो, मिळालं की मनिऑर्डर करतो, असं म्हणून गेला तो गेलाच. पोस्टमन आमच्या दारावरनं घंटी वाजवत सरळ पुढं जायचा. घरात सासू, कोंडाबाईची बाळी आणि माझी चिंगी. कोंडाबाईला मुलगी झाली म्हणून मला आणली, आणि मलाही मुलगीच झाली. कोंडाबाई मनात काय हसली असेल त्या दिवशी!

घर एक, चुली दोन, हंडे दोन. मधे सासू. "आत्याबाई, तिला सांगा, आज पाणी तिनं आणायचंय." "आत्याबाई, सांगा तिला, कवाच आणलंय." दोघी एकाच सोप्यात बसून हे बोलायचो बरं का, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ. म्हातारी कावून म्हणायची, "मी मेल्यावर काय शेळीला मधी घालणार व्हय गं, भवान्यांनो?"

ज्या दिवशी दोन्ही चुली पेटल्या नाहीत, त्या दिवशी म्हातारीनंच आम्हाला समोर बसवलं. एकीच्या पुढं टिकाव आपटला, दुसरीच्या पुढं पाटी. "जावा. न्हाईतर पोरी घिऊन माझ्या तोंडाम्होरनं उठा."

कुणाला टिकाव आणि कुणाला पाटी हेसुद्धा आम्ही बोललो नाही. कोंडाबाई उंचीपुरी, हाडापेरानं मोठी. तिनं टिकाव उचलला, मी पाटी.

तर अशी आमची जोडी. मुकादमानं टोपी काढून टाळू खाजवली. त्याला आम्हाला हाकलायचं होतं, पण समोर माणसं उभी होती आणि माणसांना गंमत बघायची होती. "बरं," तो म्हणाला. "शनवारी साहेब माप घ्यायला येत्याल. जोडीचं माप भरलं तर बघू. बोटभर जरी कमी आलं, तर दोघींनी घरची वाट धरायची. पुन्यांदा हितं तोंड दाखवायचं न्हाई."

"बघू न्हाई," कोंडाबाई म्हणाली. "भरलं तर काम. हितं समद्यांच्या म्होरं बोला."

"भरलं तर काम, बाई, भरलं तर काम! आता हटा."

माळ सगळा मुरमाड. टिकाव मारला की ठिणगी उडायची आणि हातात कळ यायची. प्रत्येक जोडीला फक्की टाकून एक चौकोन आखून दिलेला. तो खणत खाली जायचं, पण मधोमध मातीचा एक खांब न खणता तसाच ठेवायचा. भोवतालची जमीन खाली गेली की खांब उंच दिसतो. जितका उंच खांब, तितकं खणलं. साहेब त्यालाच टेप लावणार. त्याला सगळे साक्षीदार म्हणायचे. कोंडाबाईनं आमच्या साक्षीदाराच्या डोक्यावरचं वाळकं गवतसुद्धा कुणाला उपटू दिलं नाही. गवत असलं की वरून माती चढवली असं कुणी म्हणायला नको.

ती खणायची, खोऱ्यानं पाटी भरायची. मी वाहायची, भरावावर टाकून परत यायची. ऐकायला सोपं. पण भरलेली पाटी एकटीनं डोक्यावर जात नाही. दोघींनी दोन कडा धरायच्या, एका दमात उचलायची, मग एकीनं खाली मान घालून डोकं द्यायचं. तोंडं वीतभर अंतरावर येतात. सवतीच्या तोंडाकडं न बघता पाटी उचलून घेऊन बघा एकदा, म्हणजे कळेल.

पहिली सकाळ मुक्यानंच गेली. पण ती बया पाटी अशी शिगोशीग भरायची की माझी मान कचकच वाजायला लागली. आता सांगू कुणाला? सासू तर घरी. शेवटी माझं टाळकं सरकलं. मी रिकामी पाटी तिच्या पायाशी आदळली आणि पाटीलाच म्हणाले, "पाटे, सांग तिला, मान माझी हाय, बैलाची न्हाई!"

कोंडाबाई थांबली. टिकावावर रेलून तिनं पाटीकडं बघितलं. "पाटे, तिला म्हणावं, मान बारकी असंल तर तोंड बी बारकं ठिवावं."

पण पुढची पाटी तिनं कमी भरली.

मग काय, तेच सुरू झालं. "पाटे, तिला म्हण, पाणी पी, नुसती पळतीया." "पाटे, सांग तिला, तिच्या पायाखाली विंचू हाय." शेजारच्या खड्ड्यातली जोडी काम सोडून ऐकायची. "आलं का गं पाटीचं टपाल?" ती बाई विचारायची. मला आधी लाज वाटायची, मग वाटेनाशी झाली.

मधे एक दिवस माझ्या टाळूवरची कातडी सोलली. चुंबळ माझी एका फाटक्या चिंधीची, तिचा उपयोग काय? दुसऱ्या दिवशी पाटी उचलायला गेले तर आत नवी चुंबळ. जाडजूड, मऊ, लुगड्याच्या काठाची वळलेली. काठ मी ओळखला. कोंडाबाईच्या माहेरच्या लुगड्याचा होता तो, हिरवा. मी तिच्याकडं बघितलं तर ती पाठ करून खणत होती. दुपारी कामावर सुकडी वाटली, सरकारनं दिलेलं ते गोड पीठ. मी माझ्यातली निम्मी तिच्या फडक्यात टाकली. "पाटे, सांग तिला, मला ग्वाड आवडत न्हाई." खोटं. गोडावर माझा जीव. पण खणणाऱ्याला जास्त लागतं की नाही?

तिच्या तळहातांना फोड आले, फुटले, त्यावर तिनं चिंध्या बांधल्या. शुक्रवारी सांजच्याला साक्षीदार तिच्या मांडीपर्यंत आला. मुकादम कडेला येऊन उभा राहिला, खाली बघितलं आणि तोंड फिरवून चालता झाला. बांधावर बसलेल्या बायांमधली तानूबाई नावाची एक म्हातारी विधवा ओरडली, "मुकादम, बोला की आता कायतरी!" मला इतका आनंद झाला की पाटी पालथी घालून तिच्यावर बसावं आणि सगळ्यांना दाखवावं, बघा, हे आम्ही खणलंय. उद्या माप. उद्या भरलं की काम पक्कं.

घरी आलो तर दारात आमचा नवरा बसलेला. मांडीवर चिंगी.

गेला होता ट्रंक घेऊन, आला पिशवी घेऊन. गालफडं बसलेली. "मुंबईत बी काय न्हाई," एवढंच म्हणाला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. माणूस जिवंत परत आला, हे काय थोडं झालं? मनानं तो वाईट नव्हता. दारू नाही, मारहाण नाही. फक्त आपण घरात पुरुष आहोत हे त्याला दिवसातनं दोनदा कुणीतरी सांगावं लागायचं.

भाकरीचा घास मोडता मोडता त्यानं ठरवूनही टाकलं. "म्या ऐकलं तलावाचं. उद्यापास्नं टिकाव मी घेतो. सारजा पाटी व्हाईल. कोंडा घरी ऱ्हाईल, पोरींकडं बघंल."

कोंडाबाई परड्याच्या दारात हात धूत होती. हाताच्या चिंध्या तिनं सोडल्या नव्हत्या, वरूनच पाणी घेतलं. "आत्याबाई," ती म्हणाली, "त्येस्नी सांगा, हाडं म्या झिजवल्यात. उद्या माप हाय."

"माप काय, मी दिईन की," तो म्हणाला. "गडी घरात आस्ताना बाईनं टिकाव मारायचा? गाव शेण घालंल माझ्या तोंडात!"

लेक आला म्हटल्यावर म्हातारीचं तोंड लेकाकडं.

मी चुलीत फुंकत बसले होते. माझ्या मनात काय आलं ते सांगते. इतकी वर्षं खंडोबाला जे मागितलं, ते पायानं चालत दारात आलं होतं. नवरा माझ्याबरोबर, काम माझ्या हातात, सवत घरी. तिच्या चुलीत काही नाही, म्हणजे उद्यापासून तिनं आणि तिच्या बाळीनं माझ्या तोंडाकडं बघायचं. खुशीनं नाचायला पाहिजे होतं मी. पण मी आपली चुलीत फुंकतच राहिले. समोर खुंटीवर ती हिरव्या काठाची चुंबळ लटकत होती, आणि मला तिकडं बघवेना.

सकाळी तो ऐटीत पुढं निघाला. मी पाटी घेऊन मागं. आणि माझ्या मागं, थोडं अंतर सोडून, खांद्यावर टिकाव घेतलेली कोंडाबाई. तिला नको म्हटलं होतं तरी आली. खड्ड्यापाशी पोचल्यावर त्यानं हात पुढं केला. "दे हिकडं. गडी आला आता." आख्ख्या कामासमोर मागितला त्यानं. तिनं दिला. काय करणार? मुकादम लांबून म्हणाला, "हां, आता दिसली जोडी!"

कोंडाबाई कडेला जाऊन बसली, तानूबाईच्या शेजारी, रिकाम्या बायांच्या रांगेत.

आता हा बाबा काही दुष्काळी कामावर कधी आलेला नव्हता. त्याला कुठलं ठाऊक साक्षीदार काय नि काय? खड्ड्यात उडी मारली, हातावर थुंकला, इकडंतिकडं बघितलं. माणसं बघतायत म्हटल्यावर अंगात जोर आला. "ह्यो ढेपसा मधीच कशाला ठिवलाय? पाय हालवाया जागा न्हाई!" म्हणाला आणि टिकाव उगारला.

मी भरावावर होते. माझ्या हातातनं पाटी सुटली. "अवं!" मी ओरडले. "अवं, न्हाई! अवं, थांबा की!"

आता 'अवं' म्हटल्यावर तिथं कोण बघणार नाही? कामावर जितके लग्नाचे गडी होते, तितके सगळे वळले. ह्या खड्ड्यातनं एक मुंडकं वर आलं, त्या खड्ड्यातनं दुसरं. "मला म्हंतीया का?" कुणीतरी आपल्या बायकोला विचारलं. तिकडं कोंडाबाई उठून पळत सुटली, तीही "अवं, अवं" करत. नाव घेतलं असतं तर तो वळला असता. पण नवऱ्याचं नाव कसं घ्यायचं? नाव घेतलं की त्याचं आयुष्य कमी होतं, हे आम्हाला आईच्या दुधाबरोबर पाजलेलं. एकटा तोच वळला नाही. दोन घाव बसले आणि साक्षीदार बुडातनं मोडून आडवा पडला.

मी पाटी घेऊन धावत आले, ती कडेवर ठेवून खड्ड्यात उतरले. तो कडक मुरूम, फुटला नव्हता, एकच्या एक लांबडा ढेपसा होता. "उचल, टाक भरावावर," नवरा म्हणाला. मी उचलला, उराशी धरून उचलला, पण टाकला नाही. कडेवरच्या पाटीत आडवा घातला आणि वर चुंबळ ठेवली. का ठेवला? तेव्हा मलाच कळलं नव्हतं. मेलेलं माणूस असं वाऱ्यावर टाकत नाहीत, एवढंच वाटलं.

कोंडाबाई कडेवर येऊन पोचली. तिनं खड्ड्यात बघितलं आणि मटकन खाली बसली. तिच्या चेहऱ्यावरनंच आमच्या नवऱ्याला कळलं की आपण काहीतरी करून बसलोय. त्यानं टिकाव टाकला, वर चढला आणि हळूच गड्यांच्या घोळक्यात जाऊन उभा राहिला.

तेवढ्यात साहेबांची जीप आली.

साहेब तरणे होते, उन्हानं लाल झालेले. टेप घेऊन एकेक खड्डा करत ते आमच्यापाशी आले. "इथला साक्षीदार कुठंय?"

"बायांचा खड्डा हाय साहेब," मुकादम लगेच पुढं झाला. "माप भरणार नव्हतं, म्हणून पाडला असंल. आता साक्षीदारच न्हाई म्हटल्यावर माप कसलं? म्या आधीच बोललो हुतो, बायांचं हे काम न्हवं."

"कुणी पाडला?" साहेबांनी कोंडाबाईला विचारलं.

ती उभी राहिली. चिंध्या बांधलेले हात पदराखाली घेतले.

"बाई, मी विचारतोय. तुम्ही पाडला?"

ती गप्पच. चार माणसांत नवऱ्यावर बोट कसं दाखवायचं? मेली असती तरी तिनं दाखवलं नसतं. मी घोळक्याकडं बघितलं. तो खाली मान घालून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. वाटलं, आता बोलेल. आता म्हणेल, साहेब, मी पाडला, मला ठाऊक नव्हतं. एवढंच तर बोलायचं होतं. नाही बोलला.

"ठीक आहे," साहेब म्हणाले. "मग तुम्हाला काम देता येणार नाही."

"ही धाकटी ऱ्हाऊ द्या साहेब," मुकादम म्हणाला. "तिचा गडी आलाय आता. थोरली जाईल घरी."

म्हणजे मी नुसतं गप्प बसायचं होतं. बोलायचं काही नव्हतंच. गप्प बसलं की सगळं माझं. कोंडाबाई वाकून आपलं पाण्याचं गाडगं उचलायला लागली. बोटं वळेनात तिची, गाडगं दोनदा निसटलं.

"ह्यांनी पाडला!" मी म्हणाले.

साहेब वळले. "कोणी?"

"ह्यांनी."

"हे म्हंजी कोण गं?" मुकादम खवळला. "हितं समदेच कुणाचे ना कुणाचे 'हे' हाईत!" माणसं हसली. "नाव घे की, घेतीस का नाव?" त्याला पक्कं ठाऊक होतं, मी घेणार नाही.

चिंगी डोळ्यापुढं आली, सासू आली, कुंकू आलं. आणि तोंड उघडलं ते उघडलंच.

"हिंदुरावानं! हिंदुराव गलांड्यानं पाडला. माझ्या दादल्यानं. आमच्या दोघींच्या. काल सांजच्याला मुंबईस्नं आलाय, एक पाटी उकरलेली न्हाई त्यानं हितं. ह्यो खड्डा म्या आन माझ्या आक्कानं खणलाय!"

एका बाईनं "अगं बया, बया!" म्हणून तोंडावर हात ठेवला. कोंडाबाई माझ्याकडं बघत होती. आक्का असं मी तिला आधी कधी म्हटलेलंच नव्हतं.

"आन साक्षीदार कुठं गेला न्हाई साहेब," मी म्हणाले. आता सुटलेच होते, थांबते कशाला! "ह्यो काय." पाटीवरची चुंबळ काढली. आत तो ढेपसा तसाच, टोकाचं वाळकं गवतसुद्धा शाबूत.

साहेब स्वतः खड्ड्यात उतरले. आम्ही दोघींनी पाटी खाली दिली, दोन कडा धरून, एका दमात. त्यांनी ढेपसा उचलून बुंध्यावर ठेवला, जरा फिरवला. मोडलेली भाकरी जुळावी तसा तो जुळला. त्यांनी गवत बघितलं, भोवतालची कड बघितली आणि टेप लावला. कोंडाबाईनं माझं मनगट धरलं होतं, घट्ट, चिंध्यांसकट.

"भरलं," साहेब म्हणाले. "भरून वर चार बोटं जास्त."

काय सांगू बाई! मी खाली बसले आणि रडायलाच लागले, हसतही होते. बांधावरच्या बायांनी एकच गलका केला. तानूबाई काठी टेकत पुढं आली. "मुकादम, सोमवारपास्नं मी आन माझी ल्येक. गडी कोण त्ये आमचं आम्ही घरी ठरवतो!"

मुकादम साहेबांकडं बघायला लागला. साहेब म्हणाले, "बोलला होतात ना, भरलं तर काम? मग द्या. ह्यांनाही द्या." मग घोळक्याकडं वळून, "हिंदुराव कोण?"

तो पुढं आला. कान लाल.

"तुम्ही कोणाचे?"

"दोघींचा, साहेब."

आता मात्र गडी, बाया, सगळे पोट धरून हसले. साहेबांनाही हसू आवरेना. "हे बघा, टिकाव ह्या बाईंचा. ती जोडी भरलेली आहे. पाटी मात्र अजून एक चालेल. उचलणार असाल तर सोमवारी या."

"पाटी?" तो म्हणाला. "पाटी बायांची आस्ती, साहेब." आणि तडक निघून गेला.

दिवस कलल्यावर आम्ही घराकडं निघालो. कोंडाबाईच्या खांद्यावर टिकाव, माझ्या काखेला पाटी. खिंडीच्या चढाला लागलो तशी ती थांबली.

"सारजे."

मी सवयीनं पाटीकडं बघितलं.

"पाटीला न्हाई गं, तुला म्हंतीया. कसं घेतलंस नाव?"

"काय ठावं. आलं तोंडातनं."

"काय झालं न्हाई न्हवं तुला? चक्कर बिक्कर?"

"काय बी न्हाई आक्का. आन त्येंचं आयुष्य कमी झालं तर?"

"हूं! चार बोटं जास्त भरलंय की माप. त्यातलं घालू." ती जरा घुटमळली. मागं बघितलं, पुढं बघितलं. मग देवाला नवस बोलावा तशी हळूच म्हणाली, "हिंदुराव." आणि स्वतःच दचकली. जीभ बाहेर काढून बोटानं चाचपली. "हाय की गं जागच्या जागी!"

मला असं हसू फुटलं! तीही हसायला लागली. तोपर्यंत मी तिचे दात कधी बघितले नव्हते, खरंच सांगते. "जरा मोठ्यानं घ्या," मी म्हणाले. तिनं घेतलं. मग मी घेतलं. खिंडीच्या टोकाला उभ्या राहून दोघींनी मिळून अशी आरोळी ठोकली की समोरच्या डोंगरानं ती परत पाठवली. "हिंदुराऽऽव!"

"ओ! आलो, आलो!"

खालच्या झुडपामागनं तो उठला. घरी गेलाच नव्हता. एकटं जायला तोंड नव्हतं, म्हणून आमचीच वाट बघत बसलेला असणार. धावत धापा टाकत वर आला. "काय झालं? कुणी पडलं का?"

आम्ही एकमेकींकडं बघितलं. कोंडाबाईनं पदरानं डोळे पुसले आणि माझ्या काखेतल्या पाटीला म्हणाली, "पाटे, त्येला इचार, सोमवारी येणार हाय का."

"पाटीला काय इचारताय?" तो म्हणाला. "मी काय मुका हाय?" मग इकडंतिकडं बघितलं, माळ, आभाळ, आपले पाय. "चुकलं माझं. त्ये साहेबाम्होरं बोलाया पायजे हुतं."

मी पाटी पुढं धरली. त्यानं घेतली. काखेला लावून बघितली, मग पाठीशी, कुठं धरावी ते कळेना त्याला. कोंडाबाईनं हिरव्या काठाची चुंबळ त्याच्या डोक्यावर ठेवली, नीट बसवली, आणि त्यानं पाटी तिच्यावर घेतली. रिकामीच होती, पण दोन्ही हातांनी धरून चालला.

तो पुढं, आम्ही दोघी मागं, बोलत. इतक्या वर्षांचं साठलेलं होतं, वाट पुरेना. गाव दिसायला लागलं तशी कोंडाबाईनं मला कोपरानं ढोसलं. पारावर माणसं बसलेली होती. आता पाटी उतरवतो बघ, असं तिला म्हणायचं होतं. आम्ही दोघी बघत राहिलो.

नाही उतरवली.